चाक यंत्राच्या हाती, जबाबदारी कुणाच्या माथी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणां सर्वांस सवय आहे. त्या पंक्तीत ‘मोटार चालविणाऱ्याचे लक्ष’ हा विषय पुष्कळांस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु २०२२ या एका सालात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असा केंद्र सरकारच्या वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे. म्हणजे रोज सरासरी ४६० हून अधिक माणसे. पटकीने किंवा प्लेगाने एवढी माणसे नेली असती, तर गावोगाव आपण छावण्या उघडल्या असत्या. रस्त्याने नेली म्हणून आपण ती नशिबाच्या खात्यावर मांडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पुढे जातो.

या अपघातांस आळा घालावा म्हणून, आणि बाजारातील चढाओढीसाठी म्हणूनही, मोटारीत आता एक नवी विद्या शिरली आहे. गाडी काही काळ स्वतःच वेग सांभाळते, स्वतःच चाक वळविते आणि समोर अडथळा दिसला की स्वतःच ब्रेक लावते. लोक या यंत्रणेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एडास’ म्हणतात. २०२१ साली महिंद्रा कंपनीची एक्सयूव्ही ७०० ही चाकणला तयार होणारी गाडी या यंत्रणेसह बाजारात आली. २०२३ साली टाटांच्या हॅरिअरमध्येही ती आली. आज आपल्या सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर अशा गाड्या सर्रास दिसतात. तेव्हा ही विद्या काय करते, काय करीत नाही, आणि तिच्या भरवशावर असताना माणूस मेला तर जाब कुणाला विचारावयाचा, याचा विचार आपण सामान्य माणसांनीही केला पाहिजे. मी मोटार कामगारांत वावरणारा माणूस आहे. इंजिनिअरिंगच्या शाळेची पायरी मी चढलो नाही. वाचनालयात बसून आणि चालकांच्या सोबतीने प्रवास करून जे समजले, तेच आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. अशा गाडीच्या पुढच्या भागात एक रडार असते. ते लहरी सोडते. त्या समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, आणि त्यावरून पुढची गाडी किती दूर आहे व जवळ येते आहे की लांब जाते आहे, हे यंत्राला कळते. समोरच्या काचेच्या वरच्या अंगाला एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहतो, पुढची वाहने व माणसे ओळखण्याचा प्रयत्न करतो. या दोन्हींची माहिती आतील संगणकाला मिळते आणि तो वेग, ब्रेक व चाक यांना हुकूम देतो. यात जादू कसलीच नाही. यंत्राला जे शिकविले आहे ते त्याला ओळखता येते. जे शिकविलेले नाही, ते त्याच्या लेखी नसल्यासारखेच.

अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली या विद्येच्या शून्यापासून पाचपर्यंत पायऱ्या ठरविल्या. शून्य म्हणजे सर्व काम माणसाचे, आणि पाच म्हणजे कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही हवेत गाडी आपली आपण जाणार. आपल्याकडे सामान्य ग्राहकाला मिळणाऱ्या या गाड्या दुसऱ्या पायरीपर्यंतच्या आहेत. या पायरीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. चाक आणि वेग ही दोन्ही कामे यंत्र करते. पण रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम प्रत्येक क्षणी माणसाकडेच असते. तिसऱ्या पायरीपासून नजर ठेवण्याचे काम ठरावीक परिस्थितीत यंत्राकडे जाते. तशी परवानगी जर्मनीत मर्सिडीज कंपनीला २०२१ च्या डिसेंबरात मिळाली, तीही ठरावीक महामार्गांवर आणि ताशी ६० किलोमीटर वेगापर्यंतच. मर्सिडीजला जेथे एवढ्या अटी घातल्या जातात, तेथे आपल्या गाडीच्या भरवशावर खंबाटकीच्या घाटात हात सोडून बसणाऱ्याला काय म्हणावे? समाजमाध्यमांवर अशी चित्रे हौसेने पाहिली जातात, म्हणून हे सांगावे लागते.

आता कुणी म्हणेल, यंत्र जर वळविते आणि थांबविते, तर माणसाने नुसते पाहावयाचे एवढे सोपे काम उरले; त्यात अवघड ते काय? अवघड आहे, आणि फार अवघड आहे. ते का, हे समजणे हाच माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

आपल्या भागातील जुन्या माणसांना बैलगाडीचा अनुभव आहे. बाजार आटोपून रात्री परतणारा गाडीवान कासरा सैल सोडून घोंगडीत डोळा लावी, आणि बैल बरोबर आपल्या दारात येऊन उभे राहात. एका अर्थी ती अर्धी स्वयंचलित गाडीच म्हणावयाची. परंतु तिथे तीन गोष्टी होत्या. बैलाला त्याचा जीव प्यारा होता, म्हणून तो ओघळीत पाय घालीत नसे. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा होता. आणि बैलाला ती वाट रोजची होती. यंत्राला जीव नाही, त्याचा वेग ताशी ८० ते १०० किलोमीटर आहे, आणि वाट तर रोज नवी. गाडीवानाची झोप त्याला माफ होती ती बैलाच्या शहाणपणामुळे. तीच सवय मोटारीत नेली तर ती जिवावर बेतते.

माणसाचे मन काम करण्यात रमते. नुसते पाहात राहण्यात ते लवकर शिणते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदलाला असे आढळले की, समुद्रातील पाणबुड्या शोधण्यासाठी रडारच्या पडद्यासमोर बसविलेल्या चांगल्या, दक्ष माणसांच्याही नजरेतून खुणा निसटतात. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्याचा शोध घेतला. त्याने एक घड्याळ केले. त्याचा काटा एकेक टप्पा पुढे सरके, आणि क्वचित केव्हातरी एकदम दोन टप्पे उडी मारी. समोर बसलेल्याने ती उडी दिसली की बटण दाबावयाचे, एवढेच काम. पण दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. १९४८ साली त्याने हे प्रसिद्ध केले. ती माणसे आळशी नव्हती, बेफिकीरही नव्हती. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहात सतत जागे राहणे हे मनाच्या घडणीलाच जड जाते, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे १९८३ साली लिझॅन बेनब्रिज या विदुषीने कारखान्यातील स्वयंचलित यंत्रांबद्दल एक मार्मिक निबंध लिहिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, यंत्र सोपी कामे उचलते आणि अवघड तेवढी माणसाकडे ठेवते. रोजचे काम यंत्र करीत असल्याने माणसाचा हात मोडतो, सवय जाते. आणि नेमक्या संकटाच्या क्षणी, जेव्हा सर्वांत अधिक कौशल्य हवे, तेव्हा ‘आता तू सांभाळ’ म्हणून यंत्र बाजूला होते. यंत्र जितके चांगले, तितका माणसाचा विश्वास अधिक, आणि तितकी त्याची सावधानता कमी. दहा वेळा ब्रेक बरोबर लागला की अकराव्या वेळी पाय तयारीत राहात नाही.

या दृष्टीने आपल्या दारावरून जाणारी रेल्वे पाहण्यासारखी आहे. पुणे-मिरज मार्गावरची गाडी रहिमतपूर स्टेशनातून जाते, तेव्हा इंजिनात बहुधा दोन माणसे असतात: चालक आणि सहायक चालक. सिग्नल दिसला की दोघेही तो मोठ्याने उच्चारतात. एकाचे डोळे चुकले तर दुसऱ्याचे सावरतात. आणि तोंडाने उच्चारल्यामुळे मनही झोपत नाही. शिवाय इंजिनात एक दक्षता-यंत्र असते. सुमारे मिनिटभर चालकाने भोंगा, ब्रेक, वेग यांपैकी कशालाही हात लावला नाही किंवा बटण दाबले नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग आवाज होतो, आणि तरीही उत्तर आले नाही तर ब्रेक लागतो. २०२० साली रेल्वेने ‘कवच’ ही देशी यंत्रणा राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली. धोक्याचा सिग्नल ओलांडला जात असेल तर ती गाडी थांबविते.

यातील तत्त्व पाहा. रेल्वेत काम माणूस करतो आणि पहारा यंत्र करते. नव्या मोटारीत काम यंत्र करते आणि पहारा माणसाने करावा अशी अपेक्षा आहे. यंत्र कंटाळत नाही. पहाऱ्याला ते उत्तम. माणूस कंटाळतो, पण अनपेक्षित प्रसंगी त्याची अक्कल चालते. म्हणून ज्या सोयींत यंत्र माणसावर पहारा करते, त्या सोयी निःसंशय हितकर आहेत. चालकाला डुलकी लागली तर जागे करणारी घंटा, पट्टा ओलांडला तर इशारा देणारा आवाज, अगदी टक्कर होण्याच्या बेतात आली असता लागणारा आपोआप ब्रेक, या सर्वांचे स्वागतच केले पाहिजे. २०२५ साली केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने बस, ट्रक यांसारख्या मोठ्या गाड्यांवर अशा सोयी सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला, तो योग्यच होता. पण ज्या सोयीत चाक यंत्राकडे आणि पहारा माणसाकडे जातो, तिथे फार सावध राहिले पाहिजे. एकाच नावाखाली या दोन्ही गोष्टी विकल्या जातात, आणि तिथेच सामान्य माणसाची फसगत होते.

आपल्या रस्त्यांवर तर ही सावधगिरी दुप्पट हवी. अशा गाड्यांबरोबर जी पुस्तिका मिळते, तिच्यात बारीक अक्षरांत पुष्कळ गोष्टी कबूल केलेल्या असतात: मुसळधार पावसात, धुक्यात, समोरून ऊन आले असता कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, पट्टे पुसलेले असतील तर यंत्राला रस्ता कळत नाही, उभ्या असलेल्या वाहनापुढे, जनावरापुढे किंवा चमत्कारिक आकाराच्या ओझ्यापुढे ते थांबेलच असे नाही. आता हंगामातला आपला रस्ता डोळ्यांपुढे आणा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागचा दिवा वाढ्यांत झाकलेला. कधी टायर फुटून तीच ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी. पलीकडून ऊसतोड कामगारांची बैलगाडी, तिला दिवाच नाही. पुस्तिकेत ज्या ज्या अडचणी लिहिल्या आहेत, त्या सगळ्या कोरेगाव ते रहिमतपूर एवढ्या टप्प्यात एका रात्रीत भेटतात.

वेगाचा हिशोब शाळेतील मुलालाही जमेल असा आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. फोनवरचा निरोप वाचण्यास पाच सेकंद लागले, तर गाडी तेवढ्यात ११० मीटर पुढे गेलेली असते. जागा असलेल्या माणसालाही धोका ओळखून ब्रेकवर पाय नेण्यास एक-दीड सेकंद लागतो, म्हणजे ३० मीटरच्या आसपास अंतर गेले. त्यापुढे चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी ४० मीटर. मग ज्याचे मनच रस्त्यावर नाही, त्याला यंत्राने ऐन वेळी घंटा वाजवून बोलाविले, तर त्याने वर पाहावे केव्हा, काय झाले ते समजावे केव्हा आणि चाक धरावे केव्हा?

हे सारे तर्काने सांगतो आहे असे नाही. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोना संस्थानातील टेम्पी या गावी उबर कंपनीची प्रयोगातील स्वयंचलित मोटार जात होती. सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईस तिने धडक दिली आणि ती बाई मरण पावली. गाडीत देखरेखीला एक चालक-बाई होती. तिची नजर रस्त्यावर नव्हती, फोनकडे होती. सरकारी चौकशी मंडळाने पुढे जे उजेडात आणले, ते प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचण्यासारखे आहे. गाडीच्या यंत्राला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. परंतु हे वाहन आहे, की सायकल, की आणखी काही, याचा निर्णय यंत्र पुनःपुन्हा बदलीत राहिले. पादचारी पट्ट्याबाहेर माणूस रस्ता ओलांडू शकतो हे त्याला शिकविलेलेच नव्हते. मूळ गाडीत कारखान्याने बसविलेला आपोआप ब्रेक होता. कंपनीचे यंत्र चालू असताना तो बंद राहील अशी व्यवस्था कंपनीनेच केली होती. आणि पूर्वी अशा गाडीत दोन माणसे बसत. २०१७ च्या अखेरीस त्यांतील एक कमी करून देखरेख एकटीवर आणली होती.

मंडळाने मुख्य कारण म्हणून चालक-बाईच्या दुर्लक्षावर बोट ठेवले. त्याचबरोबर कंपनीने धोक्याचा पुरेसा विचार केला नाही, देखरेख करणाऱ्यांवर लक्ष ठेवले नाही, आणि यंत्राच्या भरवशाने माणूस सुस्तावतो हे ध्यानात घेऊन काही उपाय योजला नाही, असेही नमूद केले. पण फौजदारी कोर्टात उभे कोण राहिले? कंपनीवर गुन्हा चालविण्यास आधार नाही, असे २०१९ सालीच सरकारी वकिलाने सांगून टाकले होते. चालक-बाईने २०२३ साली गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिचा दोष नव्हता असे मी म्हणणार नाही. रस्त्यावरून नजर काढणे हा दोषच, आणि एक जीव गेला. परंतु दुसरा माणूस कमी करणारा हात, ब्रेक बंद ठेवणारा हात, यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

दुसऱ्या एका खटल्यात न्यायाचा काटा थोडा सरकला. २०१९ साली फ्लोरिडात टेस्ला कंपनीची मोटार ‘ऑटोपायलट’ चालू असताना रस्त्याकडेला उभ्या गाडीवर आदळली आणि एक तरुणी मेली. चालक खाली पडलेला फोन उचलावयास वाकला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मायामीच्या कोर्टातील ज्यूरीने दोषाची वाटणी केली: चालक ६७ टक्के, कंपनी ३३ टक्के, आणि कंपनीने सुमारे २४ कोटी डॉलर द्यावेत असे ठरविले. कंपनीने त्याविरुद्ध वर जाण्याचे जाहीर केले. वरच्या कोर्टात काय व्हावयाचे ते होवो. पण दोषाचे माप घालून तो वाटता येतो, सारा चालकाच्याच पदरात टाकण्याची गरज नाही, हे सामान्य नागरिकांस पटावे अशा रीतीने मांडता आले, ही गोष्ट मोठी आहे. ब्रिटनने तर २०२४ साली कायदाच केला. ज्या गाडीला सरकारने खरोखरीची स्वयंचलित म्हणून मान्यता दिली, ती स्वतः चालत असताना घडलेल्या चालविण्याच्या गुन्ह्याबद्दल आत बसलेल्या माणसाला धरावयाचे नाही, असे त्यात आहे. नुसत्या मदतनीस यंत्रणेला मात्र ही सवलत नाही.

आपल्याकडे काय आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात धोकादायक रीतीने गाडी चालविणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने चालविताना हातात फोन वापरणे हेही त्यात स्पष्ट घातले गेले. निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू घडविला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षांपर्यंत होती. अपघात करून न कळविता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे पोटकलम याच संहितेत आहे. त्यावरून २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालकांनी चाके थांबविली, आणि आपल्याकडेही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे आपणांस आठवत असेल. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले, आणि संहिता लागू करताना ते पोटकलम मागे ठेवले. चालक पळून का जातो? बहुधा जमावाच्या मारास भिऊन. पळणे योग्य नाही, जखमीला दवाखान्यात नेणे हे त्याचे कायद्याने कर्तव्यच आहे. पण त्या संपात एक खरी वेदना होती. गुन्ह्याच्या कागदावर मालकाचे नाव नसते, रस्ता बांधणाऱ्याचे नसते, वीस तास गाडी चालवावयास लावणाऱ्याचे नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मोटारवाल्यांच्या वस्तीत फार ऐकू येते.

नव्या यंत्राने ही वेदना वाढण्याचा धोका आहे. एका खाजगी प्रवासी गाडीच्या मालकाने आमच्या एका चालकाला सांगितले, “आता नवीन गाडी झोप लागली तर घंटा वाजविते, ब्रेकही आपोआप लावते. मग मुंबईच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर कशाला?” त्या चालकाने मला विचारले, “भाऊ, घंटा वाजली तर मी उठेन. पण माझी झोप ती घंटा घेणार आहे का?” या प्रश्नात सारे आले. विश्रांतीच्या जागी यंत्र बसविता येत नाही. १९६१ साली आपल्या देशात मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा ही मर्यादा लिहिली गेली. तो कायदा पुढे नव्या कामगार संहितेत सामावला गेला. पण आठ तासांमागचा विचार जुना होत नाही, कारण माणसाचे शरीर बदललेले नाही.

मग जबाबदारीची वाटणी कशी व्हावी? माझे सूत्र साधे आहे. ज्याच्या हाती जितका अधिकार, तितकी त्याच्या माथी जबाबदारी. चालकाच्या हाती त्याचे डोळे, हात आणि फोन आहेत. तेवढ्याबद्दल त्याने पुरते उत्तर द्यावे, आणि आमच्या संघटनेने तिथे त्याची पाठराखण करू नये. मालकाच्या हाती फेऱ्यांचे वेळापत्रक आहे. थकलेल्या माणसाला चाकावर बसविले तर उत्तर त्याने द्यावे. कारखानदाराच्या हाती यंत्राची रचना आणि जाहिरात आहे. पुस्तिकेत ‘लक्ष ठेवा’ लिहावयाचे आणि जाहिरातीत हात सोडलेला माणूस दाखवावयाचा, हा दुटप्पीपणा चालू देऊ नये. सदोष गाड्या परत मागविण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला मिळाला आहे, तो वापरला जावा. आणि रस्ता बांधणारा ठेकेदार? रस्ता ठरलेल्या दर्जाचा नसल्यामुळे मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड १९८ अ या कलमात आहे. कलम आहे, ते पुस्तकातून रस्त्यावर उतरविणे नागरिकांचे काम आहे.

आणखी एक मागणी आम्ही करतो. हे यंत्र प्रत्येक इशाऱ्याची नोंद ठेवू शकते. डुलकीची घंटा किती वेळा वाजली, केव्हा वाजली, हे मालकाला कळत असेल, तर ते चालकालाही कळले पाहिजे, आणि अपघातानंतर चौकशीपुढेही आले पाहिजे. तीन वेळा घंटा वाजूनही ज्याला पुढच्या फेरीवर पाठविले, त्याच्या अपघाताचा दोष त्याच्या एकट्याचा कसा? नोंद जर नुसती पगार कापण्यासाठी वापरली गेली, तर चालक कॅमेऱ्यावर फडके टाकील, आणि जीव वाचविणारे यंत्र फुकट जाईल.

कित्येक लोक विचारतात की, माणूसच काढून टाकला तर हा प्रश्न मिटणार नाही का? केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली सांगितले होते की, रोजगार हिरावणाऱ्या विनाचालक गाड्या आपण देशात येऊ देणार नाही. कामगार कार्यकर्ता म्हणून मला ते रुचले. पण चालकाची नोकरी राहिली आणि त्याचे काम मात्र यंत्रावरील पहारेकऱ्याचे झाले, तर तो पगारापेक्षा दोष घेण्यासाठीच गाडीत बसविला आहे असे होईल. तेही आम्हाला नको.

शेवटी, आपण जे श्रोते आहात, त्यांतील पुष्कळांच्या घरी मोटार आहे, नसली तरी मुलगा पुण्या-मुंबईहून ती घेऊन येतो. त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. गाडी घेताना विक्रेत्याला विचारा की, हे यंत्र कशापुढे थांबत नाही; आणि ती पुस्तिका घरातील चालविणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. इशारा देणाऱ्या आणि ब्रेक लावणाऱ्या सोयी चालू ठेवा. चाक आणि वेग सांभाळणारी सोय गावातून, घाटातून, पावसात, धुक्यात आणि उसाच्या हंगामात रात्री बंद ठेवा. ती चालू असतानाही हात चाकावर आणि फोन आवाक्याबाहेर असू द्या. रेल्वेच्या चालकासारखे पुढे दिसेल ते शेजाऱ्याला मोठ्याने सांगण्याची सवय लावा, मुलांना त्यात मौजही वाटेल. झोप आली तर यंत्राची परीक्षा पाहू नका, गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारा आणि घटकाभर पडा. रात्रीच्या गाडीचे तिकीट काढताना ‘चालक किती आहेत?’ हा एक प्रश्न विचारा. दहा उतारू हा प्रश्न विचारू लागले, तर मालकाला दुसरा चालक ठेवणे भाग पडेल. आमच्या मोर्च्यापेक्षा त्याचा परिणाम लवकर होईल. आणि कारखान्याच्या हंगामाआधी प्रत्येक ट्रॉलीला व बैलगाडीला मागे चमकणारी पट्टी लागली की नाही, हे आपल्या गावच्या मंडळांनी पाहावे. ती पट्टी थोडक्या पैशांची आहे. तिने यंत्रालाही दिसते आणि माणसालाही.

नव्या विद्येचा मी शत्रू नाही. एक जीव जरी तिने वाचविला तरी ती मला हवी आहे. मात्र ती आपल्या हाताखाली राहावी, आणि तिच्या आडून कुणी आपली जबाबदारी गरिबाच्या अंगावर ढकलू नये, एवढेच माझे मागणे आहे.